जुन्या गाडीचे सहा दोष

सोमवार, ३

आपली गाडी म्हातारी झाली, हे आज आकड्यांनी सिद्ध झालं. गाडीच्या कप्प्यात मी एक छोटी वही ठेवतो. टाकी भरली की किलोमीटर लिहायचे, लिटर लिहायचे आणि भागाकार करायचा. अकरा वर्षांत एकदाही खाडा नाही. लिटरला चौदाच्या खाली ही गाडी कधी उतरली नव्हती. गेल्या महिन्यात साडेअकरा आणि आज नऊ पूर्णांक दोन! पंपाचंच माप कमी असेल म्हणून तिथल्या तिथे पाच लिटरचं प्रमाणित माप मागवलं. पंपवाला मला ओळखून आहे, त्याने निमूटपणे आणून दिलं. माप चोख निघालं, म्हणजे खोट आपल्याच इंजिनात.

वजन-मापे खात्यात सत्तावीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर माणसाचा एकाच गोष्टीवर विश्वास उरतो, तो म्हणजे काट्यावर. काटा लबाडी करत नाही, काट्यामागचा माणूस करतो.

घरी येऊन हिला सांगितलं, "गाडी बदलायची वेळ आली."

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. "एवढ्यात कशाला? चांगली चालते की."

"तुला काय माहीत कशी चालते!" मी म्हणालो. हिने चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

बुधवार, ५

नवीन गाडी मध्यम आकाराची सेडानच घ्यायची, हे पक्कं. उंच गाड्यांची सध्या लाट आहे, पण लाटेबरोबर वाहायला मी ओंडका नाही. आता प्रश्न इंजिनाचा. मी हेरून ठेवलेल्या गाडीला तीन पर्याय आहेत. साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला बॅटरी. साधं स्वस्त आणि गरीब स्वभावाचं. टर्बोत जोर आहे, पण जोर दाखवायला आम्हाला जायचंय कुठे? हायब्रिड लिटरला चोवीस-पंचवीस देतं म्हणतात. नऊवर आलेल्या माणसाला पंचवीस हा आकडा कसा दिसतो, ते उपाशी माणसाला विचारावं.

जेवणाच्या टेबलावर तिन्ही माहितीपत्रकं पसरून हिला तासभर समजावून सांगितलं. ही लक्ष देऊन ऐकत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण इतक्या गोडीने हिने माझं काही ऐकल्याचं आठवत नाही. शेवटी विचारलं, "रिव्हर्स घेताना मागचं नीट दिसतं का हो यातून?"

बायकांचं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही. "पुनर्विक्रीचं विचार," मी म्हणालो, "पाच वर्षांनी गाडीची किती किंमत येते, त्यावर खरी गाडी कळते."

गुरुवार, ६

हिच्या लॅबमध्ये नवीन घडामोड. रक्त तपासणीची ही लॅब घरापासून सात मिनिटांवर आहे. ही सकाळी सातला जाते, साडेबाराला परत. आता लॅबवाले शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नवीन शाखा काढतायत, आणि तिथे प्रमुख म्हणून हिला बोलावतायत. एक तारखेपासून.

मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. हिच्या हाताला तोड नाही. रडणाऱ्या पोरांची शीर हिला अंधारातही सापडेल. पण ती जागा अकरा किलोमीटरवर, सकाळी साडेसहाला पोचायचं, तेव्हा त्या बाजूला ना बस ना रिक्षा. मला सकाळी खात्याची जीप न्यायला येते, मी सोडू शकत नाही. हे सगळं मी हिला मुद्देसूद समजावलं.

"मी महिनाअखेरपर्यंतची मुदत मागितलीय," ही म्हणाली.

"मुदत मागून अंतर कमी होतं का?"

"बघू," म्हणाली. समंजस आहे. उगाच त्रागा करत नाही.

शनिवार, ८

शोरूमला गेलो. विक्रेता चटपटीत, टाय घातलेला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर'. मी विचारलं, "हायब्रिडची बॅटरी आठ वर्षांनी गेली तर?" तो म्हणाला, "जात नाही सर." मी म्हणालो, "तराजूही बिघडत नाहीत असं सगळे दुकानदार सांगतात." मग त्याने हमीची अट वाचून दाखवली.

हायब्रिडमधून फेरी मारली. सिग्नलला गाडी इतकी चिडीचूप होते की बंद पडली असं वाटून मी पुन्हा चालू करायला गेलो. विक्रेत्याने खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. परत आल्यावर तो हिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण एक चक्कर मारा ना."

"त्या चालवत नाहीत," मीच सांगितलं.

ही तेव्हा ड्रायव्हरच्या सीटशेजारी उभी होती, दारावर हात ठेवून. तिने हात काढला आणि मागे जाऊन बसली.

हे का लिहिलं कोण जाणे.

रविवार, ९

पुनर्विक्रीसाठी आधी आपल्या जुन्या गाडीचं नीट परीक्षण हवं. आज दुपारी वही-पेन घेऊन बसलो. दोष खालीलप्रमाणे.

एक, इंजिन पेट्रोल पितं. दोन, ड्रायव्हरच्या सीटची खिट्टी सैल. मी मागे करून ठेवलेली सीट दर शनिवारी चार बोटं पुढे आलेली असते. तीन, मागचं दाखवणारा आरसा आपोआप खाली कलतो. चार, रेडिओचं वायरिंग. मी बातम्यांवर ठेवतो, चालू करावा तर जुनी गाणी लागतात. पाच, क्लचला जळका वास. सहा, मागच्या बंपरवर डाव्या कोपऱ्यात विटकरी रंगाचा ओरखडा, कुठून आला कळत नाही.

अकरा वर्षांची गाडी सहा आठवड्यांत सहा ठिकाणी बिघडावी म्हणजे कमाल आहे. म्हातारपण आलं की चहूकडून येतं.

यादी हिला वाचून दाखवली. रेडिओचं ऐकून हिला जोराचा ठसका लागला. पाणी आणून दिलं.

बुधवार, १२

ही आज लॅबमधून फार उशिरा आली. डोकं दुखतंय म्हणाली आणि न जेवताच पडून राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो. एक गोष्ट होता होता राहिली."

शाखेच्या नोकरीचंच मनाला लावून घेतलं असणार. मी जवळ बसलो, म्हणालो, "जाऊ दे, एवढ्या लांबचं काम काय कामाचं!" तिने कूस बदलली. माझं काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते सापडेना. मग बाहेर जाऊन गाडीचं टायर-प्रेशर तपासलं. बॉनेट गरम लागलं. आज ऊनही कडक होतं.

शनिवार, १५

समोरच्या ड्रायव्हरकाकांना कुंड्यांचं वेड लागलंय. काका म्हणजे छत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या नि आमच्या घरामधली गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे रहदारी नाही. तिथे हल्ली आठ-दहा विटकरी कुंड्या रांगेने मांडलेल्या असतात, कधी सरळ, कधी वळण घेऊन. एक फुटलेलीही दिसली.

"काका, हे काय?"

"झाडांना ऊन देतोय, साहेब. फिरवून फिरवून द्यावं लागतं."

"पण कुंड्यांत झाडं कुठायत?"

काकांनी कुंडीत वाकून बघितलं. "येतील," म्हणाले.

मग त्यांनी विषयच बदलला. "गाडी विकताय असं ऐकलं. विकू नका. तिचा रिव्हर्सचा गिअर लोण्यासारखा पडतो." त्यांना काय ठाऊक, असं मी विचारणार होतो, पण म्हातारा माणूस, बोलतो काहीतरी.

रविवार, १६

लेकीचा फोन. ती परगावी नोकरी करते. तिला सहा दोष सांगितले तर पठ्ठी हसतच सुटली. "बाबा, सीट कोणाच्या मापाने पुढे येते ते मोजलंत का?" म्हणे. सीटला कसलं आलंय माप! मग विचारलं, "आईला तुम्ही गाडी शिकवत होतात ना, मी लहान असताना? काय झालं होतं तेव्हा?"

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आधीची गाडी होती, तिच्यावर मी तीन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी फाटकातून मागे घेताना तिने खांबाला धडक दिली. खांबाचा टवका अजून तसाच आहे. मी तेव्हा म्हणालो, "तुझा हात गाडीवर बसणार नाही." बस, एवढंच. त्यानंतर तिने किल्लीला हात लावला नाही आणि आमची भांडणं वाचली. काही निर्णय वेळीच घेतलेले बरे.

बुधवार, १९

जुन्या गाड्यांच्या दलालाकडे जाऊन आलो. टेबलावर सहा मोबाईल, तोंडात लवंग. त्याने अर्ध्या तासात मला जे शिकवलं ते तीन माहितीपत्रकांत नव्हतं. म्हणाला, "साहेब, सेडान घेणारा दुसरा गिऱ्हाईक भित्रा असतो. टर्बो म्हटलं की विचारतो, आधीच्याने पिळली असेल का? हायब्रिड म्हटलं की विचारतो, बॅटरीचं काय? साधं पेट्रोल, पांढरा रंग, एका हातची गाडी. माझ्या दारात चार दिवससुद्धा उभी राहत नाही."

"पण मायलेज?"

"वर्षाला चालवता किती?"

"सात-आठ हजार."

तो हसला. "मग हायब्रिडचे जादा पैसे वसूल व्हायला तेरा वर्षं लागतील. तोवर तुम्ही गाडी काय, रस्ते पण बदलाल."

त्याचं म्हणणं पटत होतं. पण त्याला नऊ पूर्णांक दोनचा चटका बसलेला नाही, मला बसलाय. दुधाने पोळलेला मी, ताकही फुंकून पिणार. हायब्रिडच.

शनिवार, २२

हायब्रिड नोंदवली. जुनी गाडी शोरूमलाच बदल्यात द्यायची. त्यांचा माणूस शुक्रवारी, २८ला, संध्याकाळी चारला येऊन घेऊन जाईल.

किंमत ठरवताना मी दोषांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. विक्रेत्याने ती दोनदा वाचली. असं गिऱ्हाईक त्याने बघितलं नसावं. मग त्याने शांतपणे किंमत वीस टक्क्यांनी उतरवली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली खोट काढली, आता स्वतःच्या मालातली झाकू कसा?

रात्री हिला तारीख सांगितली. ती एकदम म्हणाली, "अठ्ठावीस? सकाळी की संध्याकाळी?"

"चारला."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि सुटकेचा श्वास सोडला. हिचाही या गाडीत जीव अडकलाय म्हणायचा.

मंगळवार, २५

दुपारी साडेतीनलाच घरी आलो, जीप बंद पडली म्हणून. गल्लीच्या तोंडाशी काकांचा आवाज ऐकू आला. "आरशात बघा! घाई नाही! बसमध्ये साठ माणसं आहेत असं समजा!" मी वळेपर्यंत सगळं शांत. काका कुंड्या उचलत होते. ही फाटकाशी उभी, कपाळावर घाम, हातात आमची किल्ली.

"गाडी पुसत होते," म्हणाली. "जाणारच आहे, तर स्वच्छ जाऊ दे."

मला भरून आलं. आत जाऊन चहा केला, दोघांचा. तिने पहिल्या घोटातच विचारलं, "साखर विसरलात?" विसरलो होतो.

शुक्रवार, २८

आजचं सगळं जसं घडलं तसं लिहितो.

रजा घेतली होती. ही नेहमीपेक्षा लवकर निघाली, काहीतरी काम आहे म्हणाली. हिला आदल्या रात्रीच सांगितल्याप्रमाणे मी साडेनऊला बँकेत चालत गेलो, कागदपत्रं घ्यायला. तिथेच शोरूमचा फोन. त्यांचा माणूस चारऐवजी अकरालाच येतोय. मी धावतपळत परतलो, तर अंगणात गाडी नाही!

फाटक सताड उघडं. खुंटीवर दुसरी किल्लीही नाही. एवढे दोष असलेली गाडी चोरणार कोण? काकांना हाका मारल्या, तर त्यांच्या दाराला कुलूप. हिला फोन केला, तो उचलला नाही. पोलिसांचा नंबर लावणार, तेवढ्यात शोरूमचा माणूस येऊन उभा. "सर, गाडी?"

"येतेय," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

आणि खरंच आली. गल्लीच्या तोंडाशी आमची करडी गाडी वळली. शेजारच्या सीटवर ड्रायव्हरकाका, मांडीवर हात ठेवून, लग्नाला निघाल्यासारखे. आणि चाकामागे ही.

तिने मला बघितलं. गाडी क्षणभर थांबली. मला वाटलं आता उतरेल. तिने आरसा ठीक केला, तोच, खाली कलणारा आरसा, आणि गाडी उलटी वळवून फाटकातून मागे घेतली. आमच्या फाटकात दोन्ही बाजूंना मिळून दोन वीत जागा सुटते. मला तीनदा पुढेमागे करावं लागतं. तिने एका दमात घेतली. टवका उडालेल्या खांबाजवळून गाडी केसभरही न घासता गेली. काका आत बसून एक अक्षर बोलले नाहीत.

एकोणीस वर्षांपूर्वी मी बोलत होतो. आज आठवलं. तिच्या कानाशी, एका वेळी तीन सूचना, त्याही ओरडून.

ती उतरली. हातात कागद. "पास झाले," म्हणाली. "बारा तारखेला लायसन्सच्या परीक्षेत नापास झाले होते, रिव्हर्समध्ये. तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती. तुम्ही परत नाही म्हणाला असतात, तर मी खरंच सोडून दिलं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शिरेत सुई घालताना असतो तसा स्थिर. मी म्हणालो, "म्हणजे रोज दुपारी..."

"पाऊण तास. फक्त रिव्हर्स. पुढे जायला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले. किलोमीटर वाढले तर तुमच्या वहीत कळेल, म्हणून परीक्षेचे दोन दिवस सोडले तर गल्लीच्या बाहेर नेली नाही."

किलोमीटर वाढले नाहीत. पेट्रोल तेवढं जळलं. नऊ पूर्णांक दोन! भागाकार बिनचूक होता हो माझा. काखेत कळसा घेऊन मी गावभर तीन इंजिनं धुंडाळत होतो.

शोरूमचा माणूस चुळबुळ करत होता. "सर, घेऊन जाऊ?"

मी खिशातून यादी काढली. पेट्रोल, खोडलं. सीट, खोडली. आरसा, रेडिओ, वास, विटकरी ओरखडा. सहा रेघा मारल्या. "या गाडीत दोष नाही," मी त्याला सांगितलं.

"मग सर, किंमत वाढवून देता येईल. वीस टक्के परत..."

"विकायची नाही. एक तारखेपासून हिला कामावर जायला लागणार आहे."

हे बोलताना मी हिच्याकडे बघू शकलो नाही. तो माणूस गेल्यावर बघितलं. म्हणालो, "तेव्हा मी चुकीचं बोललो होतो. खांबाचं." तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "एकोणीस वर्षं लागली. तुमच्या खात्यात एवढा उशीर चालतो का?"

काका तेवढ्यात कुंड्या आत न्यायला गेले. म्हणाले, आता यात झाडं लावतो.

रविवार, ३०

हायब्रिड रद्द केली. जुनी बदल्यात जाणार नाही तर पैशाचा मेळ बसत नाही, आणि खरं सांगायचं तर पंचवीसचं वेड ज्या नऊमुळे लागलं, तो नऊच खोटा निघाला. साधं पेट्रोल, पांढरा रंग. पुनर्विक्रीला सर्वोत्तम. हा निर्णय मी संपूर्ण विचारांती घेतला आहे, हे लेकीला फोनवर दोनदा सांगावं लागलं, कारण ती मधेमधे हसत होती.

हिला म्हटलं, "नवी आली की तू नवी घे, लांब जायचंय तुला. मी जुनी वापरतो."

"छे," ही म्हणाली. "माझा हात जुनीवर बसलाय. नवी तुम्हीच घ्या. आणि तो मागचा कॅमेरा असलेलीच घ्या. तुम्हाला रिव्हर्सला लागेल."

कॅमेऱ्याला जादा पैसे पडतात. सांगून टाकलं शोरूमला.

सोमवार, १

सकाळी सहाला ही निघाली. मी फाटक उघडून उभा राहिलो. सूचना तीन सुचल्या होत्या, एकही दिली नाही. दात ओठांवर घट्ट दाबून धरावे लागले. गाडी गल्लीबाहेर गेली. पहिला गिअर, दुसरा, मोठ्या रस्त्यावर तिसरा. कानाने तपासले. सगळे वेळेवर पडले.

ती गेल्यावर घर इतकं शांत होतं की मी दोनदा घड्याळ बघितलं. सहा पंचवीसला फोन आला. "पोचले. तुमची सीट पुढेच ठेवलीय, आता मागे करायची नाही."

संध्याकाळी गाडीतली वही काढली. किलोमीटरच्या शेजारी एक नवा रकाना आखला, 'चालक'. आजच्या तारखेला तिचं नाव लिहिलं. मग मागे मागे जात राहिलो, त्या सहा आठवड्यांपर्यंत, साडेअकरा आणि नऊ पूर्णांक दोनपर्यंत. तिथेही तिचंच नाव लिहिलं. आकडे तसेच ठेवले. बरोबर होते.